सरदारच्या जागी

(कुत्र्यांच्या केनेलमधली केस विंचरायची खोली. टेबलावर एक कुत्री उभी आहे, मावशी तिचे केस विंचरतेय. दारात एका कुत्र्याचा पट्टा धरून मुलगी.)

मावशी: परत सांग, मला नीट कळलं नाही. कायमचा परत?

मुलगी: कायमचा. ठरलं तसंच होतं ना, मावशी. बाबा असेपर्यंत. त्यांना जाऊन आता सव्वा महिना झाला.

मावशी: मी काही तारखा मोजत बसले नव्हते गं.

मुलगी: तुम्ही मागणार नाही हे माहीत होतं, म्हणून मीच आणला. ही त्याची फाईल. लसी पूर्ण आहेत. कानात औषध आठवड्यातून एकदा. वाडगा भिंतीशी ठेवावा लागतो, खोलीच्या मधे ठेवला तर खात नाही.

मावशी: मला सांगतेस? माझ्या हातावर जन्मलाय तो. काय रे बुजऱ्या, ओळख आहे का? बघ, अर्धी शेपटी हलवली. उरलेली अर्धी तुझ्यासाठी राखून ठेवलीय.

मुलगी: इतके महिने सरदार म्हणतेय त्याला. बुजऱ्या म्हटलं की आता मलाच परकं वाटतं.

मावशी: जेवलीस का काही?

मुलगी: चहा झाला.

मावशी: चहा म्हणजे जेवण नव्हे. बस जरा. कोपऱ्यात खुर्ची आहे, तिच्यावरचे टॉवेल काढ आणि बस.

मुलगी: नको. बसले तर उठायची नाही मी. अजून कपाटं आवरायचीयत. बाबांचे डॉग शोचे चार कोट तसेच आहेत हँगरला, आणि प्रत्येक खिशात कुत्र्याचं बिस्किट. एक बाहेर काढलं, मग तेही परत खिशात ठेवलं. असं चाललंय माझं आवरणं.

मावशी: मग याचीच एवढी घाई का?

मुलगी: मला बघवत नाही त्याच्याकडे. तो काही करत नाही बिचारा. दारात बसून राहतो. पण तो दिसला की मी काय केलं ते दिसतं. डोळे गेलेल्या माणसाला फसवलं मी. स्वतःच्या बापाला.

मावशी: मीही होते त्यात.

मुलगी: तुम्ही कुत्रा दिलात. खोटं मी बोलले. बावीस दिवस ते दवाखान्यात, आणि रोज एकच प्रश्न, सरदार जेवला का. एकोणिसाव्या दिवशी सरदार गेला. पोटात गाठ होती, ती फुटली. आदल्या दिवशी मला त्याच्या हिरड्या पांढऱ्या दिसल्या होत्या. म्हटलं, दवाखान्यातून आले की बघते. आले आणि झोपले. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, जेवला का. म्हटलं, जेवला.

मावशी: आणि तिथून तडक माझ्याकडे. शिवणाची टेप घेऊन.

मुलगी: हसू नका.

मावशी: हसत नाही. माझे तेरा कुत्रे तू एकामागे एक भिंतीशी उभे केलेस. हातात बाबांचा तो टाईप केलेला कागद. आदर्श रिट्रीव्हर कुत्रा कसा असावा.

मुलगी: खांद्याशी उंची छप्पन्न ते एकसष्ट सेंटीमीटर. डोकं रुंद, कपाळ नाकाशी मिळतं तिथे स्पष्ट उतार. कान पुढे ओढला तर टोक डोळ्यापर्यंत यावं, त्याच्या पुढे नाही. पाठ सपाट. पंजा गोल, मांजरासारखा. वरचे दात खालच्या दातांवर कात्रीसारखे बसावेत. शेपटी पाठीच्या रेषेत, टोकाला वळण नको.

मावशी: पाठ आहे की गं.

मुलगी: लोकांची मुलं पाढे म्हणायची, मी हे. मोठेपणी सुटका झाली. सरदार आल्यापासून बाबा त्याच्याकडेच बोट दाखवायचे. 'कागद वाचायची गरज नाही, याच्याकडे बघा.' माझ्याबद्दल असं कधी म्हणाले नाहीत, पण ते जाऊ दे.

मावशी: माणसांचा कागद कुणी टाईप करून दिला नव्हता त्यांना.

मुलगी: म्हणून मी त्या कागदावर बोट ठेवून एकेक ओळ तपासली. सगळ्या ओळींत जो बसला, तो नेला.

मावशी: माझा सगळ्यात देखणा नर. टाळ्या वाजल्या की रिंगणात पोट टेकून बसतो म्हणून, नाहीतर याच्या कपांना कपाट पुरलं नसतं.

मुलगी: शाम्पू तोच, पट्टा तोच. दोन दिवस सरदारच्या चादरीवर झोपवला, वासासाठी. बाबा घरी आले, खाटेवर बसले आणि हाक मारली. हा त्यांच्याजवळ गेला. त्यांनी दोन्ही हातांनी त्याला पाहिलं, शोमध्ये परीक्षक म्हणून पाहायचे तसं, नाकापासून शेपटीपर्यंत. शेवटी म्हणाले, 'बारीक झालास रे माझ्यामागे.' बस, तेवढंच.

मावशी: हं.

मुलगी: सुटले असं वाटलं. आणि लगेच वाईटही वाटलं. काचबिंदूनं डोळे नेले तेव्हा म्हणाले होते, हात आहेत ना माझे. ते हातही गेले म्हणायचे. पुढे तर गोंधळायलाच लागले. मी स्वयंपाकघरात असले की आतून आवाज यायचा, 'या पाहुणे, बसा इथे.' घरात कुणी आलेलं नसायचं. गोळ्यांमुळे होतं का, म्हणून डॉक्टरांना विचारलंसुद्धा मी.

मावशी: थांब. हिला उतरवते. जा गं बये, झालीस सुंदर. आता ते वरचं ड्रॉवर उघड. कात्र्यांच्या खाली एक फॉर्म आहे.

मुलगी: कसला?

मावशी: सांगणार नव्हते. शब्द दिला होता. पण तू चोरीचा माल परत केल्यासारखा या कुत्र्याला आणून सोडणार असशील, तर गेला तो शब्द खड्ड्यात. तुझ्या बाबांचा फोन आला होता मला. घरी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी. तू औषधं आणायला गेली होतीस.

मुलगी: ते कसा लावणार फोन?

मावशी: माझा नंबर तीस वर्षांत बदललेला नाही, आणि बोटं त्यांची शाबूत होती. पहिलंच वाक्य, 'तुझा कुठला कुत्रा माझ्याकडे आलाय?' मी म्हटलं, माझा कुठला? म्हणाले, 'बोल, रागावत नाही. सरदार कधी गेला?'

मुलगी: आणि?

मावशी: सांगितलं.

मुलगी: पण कशावरून ओळखलं? मी सगळं तपासलं होतं, मावशी. एकेक ओळ.

मावशी: तिथेच तर चुकलीस ना बाई. तू कागदाशी जुळणारा नेलास. सरदार कुठे कागदाशी जुळत होता? डावा कान बोटभर खाली. शेपटीचं टोक आकड्यासारखं. पाठ लांब. आणि वरचा जबडा इतका पुढे, की बिस्किट दिलं तर अर्धं जमिनीवर.

मुलगी: बाबा तर म्हणायचे...

मावशी: म्हणायचे! दुसऱ्याच्या कुत्र्याचा एक दात वाकडा असला तर रिंगणाबाहेर काढणारा माणूस. कुणाची भीड ठेवली नाही, माझी तर नाहीच नाही. आणि स्वतःच्या घरात धादांत खोटं. 'सरदारला कधी आणताय शोला?' विचारलं की हे हवापाण्यावर बोलायला लागायचे. आम्ही पाठीमागे पोट धरून हसायचो.

मुलगी: नऊ वर्षं माझ्यासमोर होता तो. मला नाही दिसलं.

मावशी: तुला बाबांनी सांगितलं होतं ना, परिपूर्ण आहे म्हणून. मग कशाला बघशील?

मुलगी: मला का नाही बोलले?

मावशी: मीही तेच विचारलं. म्हणाले, 'बावीस दिवस एकटी धावत होती. त्यात हेही तिनं एकटीनं उरकलं. मला कळलं नाही असं तिला वाटतंय, तर वाटू दे. तेवढाच तिला आराम.' मग म्हणाले, 'शोचा फॉर्म घे आणि लिही. कुत्रा हाताखालून गेला की निकाल द्यावा लागतो.' वाच. मोठ्यानं वाच, माझा चष्मा नाही इथे.

मुलगी: अक्षर फार वाईट आहे तुमचं.

मावशी: एका हातात फोन होता.

मुलगी: 'नर, वय अंदाजे चार. डोकं उत्तम. कान योग्य जागी. पाठ सपाट, शेपटी रेषेत. दात पूर्ण. दोष एकही नाही. त्यामुळे सवय व्हायला वेळ लागेल.'

मावशी: पुढे.

मुलगी: 'स्वभाव. घर परकं आहे हे त्याला कळतं. इथे आणताना त्याला कुणी विचारलेलं नाही. पाहुण्यासारखं वागवावं.'

मावशी: खाली अजून आहे.

मुलगी: दिसतंय. 'हँडलर' असं लिहिलंय. कुत्रा धरून उभा राहतो त्याच्याबद्दलही लिहायचे का बाबा?

मावशी: चुकूनसुद्धा नाही. तीस वर्षांत एकदाच.

मुलगी: 'हँडलर. फार दमली आहे. पावलं ओढत चालते, ऐकू येतं. तिला कुणीतरी खुर्ची द्यावी.'

मावशी: म्हणून तर आलीस की म्हणते तुला, बस.

मुलगी: हो.

मावशी: दे तो पट्टा इकडे. हात मोकळा कर जरा.

मुलगी: नको. राहू दे माझ्याकडेच.

मावशी: आज, की...

मुलगी: राहू दे.

मावशी: बरं.

मुलगी: मावशी, खुर्चीवरचे टॉवेल कुठे ठेवू?