भिंतीला लावायची वाकळ

...न्हाई, तुमीच सांगा, आभाळाला परकर लागला तर त्यात बिघडलं काय? आं? आभाळ निळं, परकर निळा, धुऊन धुऊन फिका झालेला, वरी दोन-चार पांढरे डाग, म्हणजे ढगबी आयते आले! पण आमच्या मंगलनं, म्हणजे आमच्या घरच्यांनी, अंगण डोक्यावर घेतलं. "ओ ज्योत्स्नाचे बाबा! माझ्या परकराचं आभाळ करून बेंगळूरला टांगणार? लोकं खालून बघतील की ओ!" आता आभाळ लोकं खालूनच बघतेत, दुसरं कुठून बघणार? पण बोलायची सोय हाय का!

तुमाला सांगतो, तीस वर्सं भालकी-उदगीर बसगाडी चालवली मी. राजपाल डायवर म्हणून विचारा, कुणीबी सांगंल. म्हशी आडव्या आल्या, उसाचे ट्रॅक्टर आडवे आले, एकदा तर घोड्यासकट नवरदेव आडवा आला, पण हात कधी हालला न्हाई. अन् रिटायर झाल्यावर सुईत दोरा ओवायला बसलो तर हात असा... असा... दोरा हिकडं, सुई तिकडं, अन् चष्मा कुठं ते चष्म्याशिवाय दिसंना!

समदं सुरू झालं ते पोरीपाई. ज्योत्स्ना आमची बेंगळूरला नर्स हाय. फोनवर म्हणली, "बाबा, दवाखान्यात भिंती पांढऱ्या, खोलीवर आलं तरी पांढऱ्याच. गावाकडचं कायतरी पाठवा, भिंतीला लावते." काढले मग मोबाईलवर फोटो. एकात माझा अंगठा, एकात गल्लीतल्या व्यंकटची म्हैस, एकात नुसतीच शेपटी. मग त्याच मोबाईलवर एक गोरी बाई दिसली, कापडाचे तुकडे जोडून डोंगर शिवायली होती, बर्फाचा! बोलणं तिचं एक अक्षर कळलं न्हाई, पण हात कळले की. म्हणलं, आमच्या माय-मावशा वाकळा शिवत जल्मभर हेच करत आल्या, डोंगर काढायचं तेवढं कुणाच्या ध्यानात आलं न्हाई!

अन् मी काय काढायचं? तर भालकीहून येताना शेवटच्या चढावर गाडी आली की समोर गाव दिसतंय, ते. तांबडी माती, उसाचा पट्टा, जवारी काढलेलं रान, कडुनिंब, अन् मागं विहाराचा पांढरा घुमट. ल्हानपणी ही पोर सुट्टीला माझ्या गाडीत बॉनेटवर बसून यायची, अन् त्या चढावर आलं की वरडायची, "बाबा, आलंऽऽ!" दर खेपेला! जसं काय गाव आत्ताच कुणीतरी आणून ठेवलंय. तर मी ठरवलं, तिला काय म्हणजे काय सांगायचं न्हाई. नुसतं पाठवायचं. तिनं उघडलं की आपसूक तोंडातून निघालं पाहिजे, "बाबा, आलं!" तेवढंच ऐकायचं होतं मला. बाकी काय नगं.

हातभर रुंद, दीड हात लांब. वाकळ न्हाई हो, चित्तर! चित्तर!

पण हे आमच्या गल्लीला कोण सांगणार? व्यंकट आला, उभा राहिला, मान वाकडी केली. "राजपाल, कुणाला पोरगं झालं रे? दुपटं शिवायलास ते?" शेजारच्या ईरम्माक्का आल्या. "अण्णा, पायपुसणं छान झालंय हो." पायपुसणं! मी म्हणलं, अक्का, हे तांबडं दिसतंय ना, ही आपली माती. हे हिरवं, ऊस. हे खाकी म्हणजे माझा डुटीचा शर्ट, ही जवारी काढलेली. त्या वाकून बघायल्या. "आन ह्यो खिसा?" म्हणलं, तो बांध हाय. "बांधाला गुंडी?" ...आता राहिली एखादी गुंडी! वाकळ न्हाई हो, चित्तर हाय, चित्तरात एवढं तेवढं धरत असतेत का कुणी?

मला सांगा, सोपं हाय का हे? लुगड्याच्या काठाचा कडुनिंब केला, तर तो फुलकोबीवानी दिसायला. उसवला. परत केला, पत्ताकोबी! एक दिवस दोन घंटे मान मोडून उसाचा पट्टा शिवला, लय बारीक टाके, माझाच मला अभिमान वाटायला, दारात पोस्टमन आला म्हणून उठलो, तर लुंगीबी शिवलेली! आख्खं गाव कमरेला लोंबायलंय, अन् पोस्टमन म्हणतोय, "सही करा, मामा." केली सही. काय करता?

तर असं पंधरा दिवसांत झालं की तयार. फक्त उसाला वरून धावदोरा घालायचा राहिला, अन् हिरवा दोरा संपला. उसाचा हिरवा म्हणजे कसला हिरवा, सांगा बरं? पोपटी न्हाई, गर्द न्हाई. चित्तर अंगणातच अंथरून ठेवलं अन् सकाळीच गेलो भालकीला. दुकानदारानं समदे हिरवे काढले, मी एकेक दोरा बाहेर उन्हात नेऊन बघायलो. तो म्हणला, "मामा, ऊस शिवायलाव का गाळायलाव?"

अन् हिकडं घरी... आता हे ऐका. आमच्या गल्लीची एक रीत हाय. कुणाच्याबी अंगणात वाकळ अंथरलेली दिसली की बाईमाणसानं तसंच पुढं जायचं न्हाई. बसायचं, आपल्या बाजूनं दोन ओळी टाके घालायचे, मगच उठायचं. जात विचारायची न्हाई, भाषा विचारायची न्हाई, सुई मागायची. रीत चांगलीच हाय हो! मी कुठं न्हाई म्हणलो? पण सांजच्याला मी आपला दोरा घेऊन अंगणात आलो तर काय! चारी बाजूनी बाया! मधी राजूबाई, ही व्यंकटची बायको, म्हैस सोडून आलेली. हिकडून ईरम्माक्का. तिकडून आमची मंगल, चष्मा लावून! अन् मांडीवर... माय माय माय... ते हातभर, दीड हात कुठाय? ही तर पलंगाएवढी वाकळ! आजूबाजूनी साड्या, चोळ्या, चादरी, एक तर शेंगाचं पोतंच! अन् बरोबर मधोमध, माझं गाव, एवढूसं!

मी वरडलो, "वाकळ न्हाई हो! चित्तर! चित्तर!"

राजूबाईनं वरबी बघितलं न्हाई. "भावजी, तुमी लय ल्हान धरली होती. मधलंच तेवढं करून सोडली होती. आमी पुरी केली."

ईरम्माक्का म्हणतेत, "पुरुषमाणूस, अण्णा... अंदाज चुकतोय."

मी मंगलकडं बघितलं. म्हणलं, अगं, तुला तर ठावं होतं! भिंतीला लावायची होती ना! तर मंगल काय म्हणली, सांगू? दाताखाली दोरा तोडला अन् म्हणली, "थंडी भिंतीला वाजतीय का पोरीला?"

  बसलो मग मांडी घालून. ईरम्माक्कांनी सरकून जागा दिली, अन् माझ्या हिरव्या दोऱ्यानं राजूबाईनं जोडलेल्या साडीवर दोन ओळी टाके घातले. रीत हाय.

खरं सांगतो, शिवताना लय मजा आली. चहा काय, शेंगा काय, एकमेकीच्या सासवा काय! तीस वर्सं गाडी चालवली, मागं बाया एवढं काय बोलत असतेत ते तवा कळलं. पण दर टाक्याला नजर मधीच जायची. एवढ्या गर्दीत माझं गाव पोरीला दिसंल का?

दिली बेंगळूरच्या गाडीत. तिसऱ्या दिवशी फोन. मी स्पीकर चालू केला, तर आख्खी गल्ली अंगणात हजर. पोरगी काय खूश हो! "आई! हे राजूकाकूचे टाके ना? लांबच लांब, ओळखले मी! हे ईरम्माअक्काचं सणाचं लुगडं! अन् आई, तुझा परकर! बाबा, काल डुटीवरून आले अन् पांघरून झोपले, नऊ घंटे हलले न्हाई! गावातच झोपल्यावानी वाटलं!" बाया हसायल्या, रडायल्या, ईरम्माक्का कन्नडमधी रडायल्या. माझेबी डोळे भरले, कामून खोटं बोलू? पण मी फोनला कान लावून थांबलेला. मधलं बघ, माय. मधलं. चढ आला बघ...

"अन् बाबा," ती म्हणली.

"बोल, बोल!"

"मधी फाटली होती का? पण ठिगळ काय सुबक बसवलंय! कुणी लावलं?"

समद्या बाया माझ्याकडं बघायल्या. मंगलनं तर पदर तोंडात धरला.

म्हणलं, "मीच लावलं, माय. मीच."