एक सिक्सर बसेपर्यंत

सिंगापूरच्या मेट्रोत समोरच्या सीटवरचा तो गृहस्थ लेकीला एक वाक्य धड पुरं करू देईना. बोलणं मराठीत, त्यामुळे पाया लेबार स्टेशनपासून माझे कान तिकडेच.

"बाबा, इंग्लंडमध्ये आता पुन्हा लेगस्पिनर शोधतायत. म्हणून तर त्या क्लबनं मला ट्रायलला..."

"तिकडे लेगस्पिन कधीच बुडाली, ऋचा. थंडी, ओली पिच. बोटं गारठतात. तू आपली ऑफस्पिन टाक."

"पिचचं नुसतं निमित्त हो. एक सिक्सर बसला की कॅप्टन चेंडू काढून घेतो. दुसरी ओव्हरच मिळाली नाही तर लेगस्पिनर घडणार कसा? पण त्यांची नवी कोच म्हणते, मार बसला तरी..."

"म्हणायला काय जातंय तिचं! मार बसला की पाठवतील घरी."

"बसू दे ना! पुढचा बॉल मी अजून हवेत..."

"हवेत दिलास की गेला स्टँडमध्ये."

"कॅन ला, जमेल मला, बाबा! एकदा ऐकून तर..."

"ऐकलं. ऑफस्पिन."

पोरीनं बॅगेतून चेंडू काढला आणि मनगट फिरवत बसली.

माझं स्टेशन, जुरोंग ईस्ट, आलं. मी उठले, पदर खोचला आणि त्या बापापुढे उभी राहिले.

"काय हो, तो गोरा कप्तान निदान एक सिक्सर बसेपर्यंत तरी थांबतो. तुम्ही तर पोरीनं हात फिरवायच्या आधीच चेंडू काढून घेताय. तुमच्यापेक्षा तो बरा!"