लेग प्रेसवरचा ऑर्विल

ब्रिन : …आणि वजन खाली आणताना तर मला वाटलं, तुमचा डोळाच लागला.

ऑर्विल : डोळे नुसते मिटले होते. झोपायला घर आहे. तिथंही झोप येत नाही, ते सोड.

ब्रिन : ऑर्विल, मी इथली ट्रेनर, म्हणून मलाच बोलावं लागतंय. तुमच्या नावानं तक्रार आलीय. आख्ख्या जिममध्ये पायांनी वजन ढकलायचं हे यंत्र, लेग प्रेस, एकच, आणि सकाळभर त्यात तुम्ही.

ऑर्विल : व्यायाम करतो, पोरी.

ब्रिन : करता हो, पण किती संथ! तुमचं वजन वर पोचेस्तोवर सरोवराचा बर्फ वितळेल.

ऑर्विल : यंदा लवकर वितळला. मला वाटलं होतं, त्याआधी वर पोचवेन.

ब्रिन : चेष्टा पुरे. वजन तेच असलं तरी रेंगाळत उचललं की दर वेळी पाय जास्त वेळ ताणलेले राहतात. जिथं बारा वेळा जमायचं, तिथं सहातच थरथर सुटते. तुमची सुटते, मी पाहिलंय.

ऑर्विल : सुटू दे. दिवसात काहीतरी केल्यासारखं वाटतं.

ब्रिन : दमणं म्हणजे ताकद वाढणं नव्हे. वर ढकलताना झपकन, खाली आणताना सावरून, आणि वेग मंदावला की थांबायचं. उद्या पायरीवर पाय घसरला, तर तो सावकाश सावरणार का? करा बघू.

ऑर्विल : …असं?

ब्रिन : अगदी असंच! जड गेलं?

ऑर्विल : नाही. लबाडी केल्यासारखं वाटलं.

ब्रिन : असे तीन सेट, की अर्ध्या तासात तुम्ही घरी.

ऑर्विल : आणि घरी काय करू?

ग्लेन (यंत्राजवळ येऊन, कानातला इअरफोन काढत) : ए ऑर्विल, अजून किती सेट?

ऑर्विल : दोन. काय ग्लेन, कुत्र्यानं परत मोजा खाल्ला?

ग्लेन : डावा. त्याला डावाच लागतो.

ऑर्विल : मग उजवे साठले असतील.

ग्लेन : खणभर. आवर लवकर.

(ग्लेन कानात इअरफोन खुपसून दूरच्या बाकावर जातो.)

ब्रिन : तक्रार यांनीच केलीय. सांगायला नको होतं मी.

ऑर्विल : मला ठाऊक आहे. त्यानंच येऊन सांगितलं. त्यावर आम्ही चांगली दहा मिनिटं भांडलो. फार छान गेली ती सकाळ.

ब्रिन : ऑर्विल…

ऑर्विल : बघ सगळ्यांकडे. प्रत्येकाच्या कानात बोळे. ते काढतात फक्त एका प्रश्नासाठी, ‘अजून किती सेट?’ माझी बायको इंग्रिड गेल्यापासून माझ्याशी दिवसाकाठी तेवढंच कुणी बोलतं. मी झपकन उरकलं, तर विचारणार कोण? रिकाम्या यंत्रावर जो तो गुपचूप येऊन बसतो.

ब्रिन : म्हणून एवढं संथ?

ऑर्विल : पाय दुखतात. पण पायांना कुठं कुणाशी बोलायचंय?

ब्रिन : …एक सांगायचं राहिलं. जोरात ढकलायचं तर दोन सेटमध्ये तीन मिनिटं विसावा घ्यायचा. पुरता. नाहीतर वेग येत नाही.

ऑर्विल : ही तुझी दया, की विद्या?

ब्रिन : विद्या. आणि विसावा घेताना यंत्र अडवून बसायचं नाही. दुसऱ्याला बसवायचं, आपण शेजारी उभं राहायचं. ग्लेन! इकडे या. आजपासून तुम्ही दोघं आलटूनपालटून.

ग्लेन : याच्याबरोबर? नाताळ उजाडेल!

ऑर्विल : बघच आता.

ग्लेन : …अरे! संपलं? एवढ्यात?

ऑर्विल : संपलं. बस तू. तीन मिनिटं मी इथंच उभा आहे.

ग्लेन : वजन कमी कर जरा. माझे गुडघे तुझ्यासारखे नाहीत.

ऑर्विल : केलं. ग्लेन, तुझ्या कानातले बोळे कुठं गेले?

ग्लेन : खिशात आहेत. तीन मिनिटांसाठी कोण घालत बसतंय.