न बोलावता जेवायला

हसा खुशाल, पण मी जे केलं ते बायबलातलं बघूनच केलं.

नाताळच्या गाण्यांत ढोलकी कोणी वाजवायची यावरून वाजलं, तेव्हापासून दोन वर्षं धाकटा भाऊ सुधाकर माझ्याशी बोलत नव्हता. त्या रविवारी पाळकांनी जक्कयाची गोष्ट सांगितली. झाडावर चढून बसलेल्या त्या माणसाला येशू म्हणाला, खाली उतर, आज मी तुझ्या घरी राहणार. कोणी बोलावलं नव्हतं, तरी गेला. म्हटलं, एवढं तर आपल्यालाही जमेल.

बायको म्हणाली, "अहो, आधी फोन तरी करा."

"फोन केला तर तो नको म्हणेल."

चर्चमधून थेट सुधाकर राहतो त्या पिपलानीची बस धरली. सुधाकरनं दार अर्धंच उघडलं.

"कोणी बोलावलं तुला?"

"जक्कयानं तरी कुठे बोलावलं होतं? आज मी तुझ्याकडे जेवणार."

"जक्कयाकडे येशू आला होता, दादा. माझ्याकडे तू आलायस."

"तो यायचा तेव्हा येईल. तोवर मला वाढ."

सुधाकरनं दार पूर्ण उघडलं. मग आत तोंड करून बायकोला म्हणाला, "अगं, दादा आलाय. भात पुरेल का बघ."

तिचं उत्तर येईपर्यंत मी चपला काढून आत बसलोसुद्धा होतो.