अकरा पायऱ्यांचा दवाखाना

नाही, नाही, कंत्राटदाराला कशाला दोष देता, ओव्हरसीयरसाहेब? दोष माझ्या बापाचा. तोताराम नानांचा. लिहून घ्या हवं तर — दवाखाना कमिटीचे अध्यक्ष, चौथी पास, आणि इमारतीतलं सगळं कळणारे! तुम्ही धुळ्याहून एवढ्या उन्हात आलात, पिंपळनेरला अस्साच दवाखाना बांधायचा म्हणता, मोजमापं घेताय — घ्या की. पण आधी आत पेशंट किती ते मोजा. एकही नाही ना? ते पाहा, सगळ्या खाटा बाहेर, या एका निंबाखाली. आत पत्रा असा तापतो की त्यावर भाकर भाजून निघेल. माझ्या नकाशात असे सात निंब होते, वॉर्डाच्या मावळतीला, ऊन अडवायला. कमिटी म्हणाली, एरंडोलच्या रस्त्यावरून इमारत दिसत नाही. तोडले सहा. आता दिसते. लांबून दिसली की दुखणेकऱ्याला निम्मं बरं वाटत असेल, नाही?

हसू नका, ऐका. मी काय काढलं होतं — जाड मातीच्या भिंती, छताजवळ झरोके, पावसाचं पाणी टाक्यात, धुण्याचं पाणी केळींना. नातेवाइकांना चुली मांडायला पडवी — आपल्याकडं एक माणूस आजारी पडला की अख्खं घर येतं ना बरोबर, पिठाच्या डब्यासकट! प्रकाशचंद शेठ म्हणाले, ही काय धर्मशाळा आहे? पैसा त्यांचा, नाव त्यांच्या आईचं, चंदनबाईंचं — आजारपण तेवढं लोकांचं. बरं, पडवी गेली तर गेली. पण ओटा! माझा ओटा बैलगाडीच्या फळीइतका उंच होता, साहेब, बरोब्बर तेवढाच. दहा गाड्या मोजल्या होत्या मी, बाजाराच्या दिवशी, लोक वेड्यात काढत होते. गाडी मागं लावायची, माणूस गोधडीसकट आत सरकवायचा — उचलणं नाही, हिसका नाही. पायी येणाऱ्याला बाजूनं उतरण. आमच्याकडं दुखणेकरी गाडीतूनच येतो, मोटारीतून कोण येतंय? शेठ येतात. उद्घाटनाला.

नानांनी नकाशावर बोट आपटलं, "हाऊ दवाखाना शे, गोठा नही! बठ्ठं गाव हासी." सगळं गाव हसेल म्हणे! पायऱ्या पाहिजेत — मामलेदार कचेरीला पाच, तर आपल्याला अकरा! म्हणजे पाया उंच, म्हणजे रुबाब. कमिटीनं माना डोलावल्या. म्हाताऱ्यांना माना डोलवायला काय लागतं?

नकाशात काढल्या कोणी म्हणता? काढल्या… कमिटीनंच काढल्या म्हणा. चहा घ्या, निवतोय.

मागच्या वैशाखात सुनंदाअक्का — माझी थोरली बहीण, धरणगावच्या अलीकडं दिलेली — दुसरं बाळंतपण, म्हणून सासरीच. बाळ झालं, रक्त थांबेना. तिच्या सासरचा गाडीवान, वना — त्यानं बैलांचं तोंड फेसानं भरेपर्यंत गाडी पळवली. वेळेत आणली, साहेब! पण गाडी कुठं लावणार? पायरीशी. आम्ही चौघांनी खाट उचलली, ती तिरपी झाली, डॉक्टर वरून ओरडतायत — आडवी ठेवा, आडवी! अकरा पायऱ्यांवर माणूस आडवा कसा ठेवायचा हे नानांनाच विचारायला हवं होतं. ते तर खालीच उभे होते, उपरण्यानं तोंड झाकून. आणि अक्का माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "भाऊ, ह्या पायऱ्या तू काढेल शेतस ना? सोभतस." शोभतात म्हणाली, साहेब!

हो. मीच. पुण्याचं कॉलेज दोन वर्षांत सोडून आलेलो, गाव येता-जाता टोमणे मारतंय — आणि नाना म्हणाले, पायऱ्या काढ, शेठच्या नावाखाली दगडावर तुझं नाव कोरू. एका दुपारी काढल्या. सुबक आल्या, शाईचा एक डाग नाही! नाव काही कोरलं नाही त्यांनी, ते सोडा.

ही सुरळी घ्या. यात ओटा आहे, उतरण आहे, निंबही आहेत. पिंपळनेरला हीच न्या. आणि तिथला कुणी अध्यक्ष पायऱ्या मागायला लागला तर त्याला… काही सांगू नका. नाही ऐकत ते. टेप गुंडाळा, तुमची मोटार चुकेल. जा आता.

अक्का आठव्या पायरीवर गेली. सव्वीस वर्षांची होती.