दादाचा हात, दादाची मान

मंडळी, मागच्यांनी पुढं या, सतरंजी रिकामी आहे. एवढी थंडी, तरी सगळे आलात. मला भाषण येत नाही. थोरल्या भावासाठी तर नाहीच. पण वहिनी म्हणाल्या, "माई, तुम्हीच बोला, माझ्यानं व्हायचं नाही." माझ्यानं तरी कुठं होतंय?

दादा इथं रामघाटावर वेद शिकवायचा. तुमच्यातले निम्मे त्याच्यापुढं बसलेत. आपल्या शुक्ल यजुर्वेदात स्वर नुसता तोंडानं सांगत नाहीत, हातानं दाखवतात. वर, खाली, बाजूला. आणि दादाचा हातच आखडला. बोटं वाकडी झाली. शेजारचे म्हणाले, "गठिया है पंडितजी, तेल लगाइए." लावलं. काय झालं? काही नाही. डॉक्टर म्हणाले, आमवात.

एक दिवस बघतो तर काय, सगळी मुलं बोटं वाकडी करून म्हणतायत! गुरुजींची बोटं तशी, म्हणजे रीतच तशी असणार. आम्ही हसलो. दादा हसला नाही. त्या दिवशी त्यानं पाठ लवकर संपवला.

मग म्हणाला, "माई, ऋग्वेदी मानेनं स्वर शिकवतात ना? मीही मानेनं दाखवीन." दाखवलाही काही महिने. आणि मान धरली. आम्ही म्हटलं, उशी बदल. उशी कसली, कपाळ! डॉक्टर म्हणाले, हा दुसराच आजार, कण्याचा. एका माणसाला दोन वेगळे वात? म्हणे, क्वचित होतं. मग आमच्याच दादाला का? सांगा ना कुणीतरी.

हात गेला. मान गेली. सगळं तोंडपाठ होतं, पण मुलांना द्यायचं कशानं? शेवटी त्यानंच त्यांना दुसरीकडं पाठवलं. औषधांनी अंगात ताकद उरली नव्हती. छाती भरली, आणि परवा त्याला मणिकर्णिकेवर पोचवून आलो.

सुटला म्हणू नका. त्याला सुटायचं नव्हतं, शिकवायचं होतं. यात काही चांगलं शोधूही नका. मी शोधून बसलेय. नाहीये.

देवळातही तो ताठ उभा असायचा. मागून कुणीतरी म्हणालं, "बड़े घमंडी हैं." दादानं ऐकलं. वळून बघताही आलं नाही त्याला.

आता दोन मिनिटं उभं राहू. ज्यांची मान वाकते, त्यांनी वाकवा. ज्यांचे हात जुळतात, त्यांनी जोडा.

दादा, नमस्कार करते रे.