कालचा तो बोल्ट

राव, चाकणच्या आमच्या कंपनीत पार्ट शोधायचं वेबपेज मीच बनवलंय, आणि स्टोअरचे मामा रोज ऐकवायचे, "तुझ्या सर्चला काय बी सापडत न्हाई."

एक दिवस वैतागून, कोण काय शोधतंय ते बघायला सर्व्हरवरचा लॉग उघडायला गेलो, तर लॉगच सापडेना. तासाभराने आठवलं, डिस्क भरते म्हणून सेटिंगमध्ये मीच त्याचा फोल्डर बदलला होता. उघडला, तर मामांचे सगळे सर्च तारीखवार लिहिलेले: "कालचा तो बोल्ट", "परवा दिलेला बेल्ट".

मामांना बोलावून दाखवलं. म्हटलं, "मामा, काल काय दिलं ते कॉम्प्युटरला कसं कळणार?"

मामांनी चष्मा लावून अख्खी यादी वाचली.

"मग एवढं समदं लिवून कशाला ठेवतंय त्ये?"